ट्रॅक्टरचं इंजिन की ट्रकचं?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे मधली दुमजली गोल इमारत १९१७ मध्ये उभी राहिली आणि भोवतीच्या एकेका रस्त्याने आपापला बाजार धरला. कुठे सोनं, कुठे गूळ, कुठे मिरची, कुठे चपला. गोलाई आखली गेली तेव्हा बाजारात माल यायचा तो बैलगाडीतून. आज याच शहरात आणि तिकडे नांदेडच्या नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पांढऱ्या पिकअप एकीला एक लागून उभ्या असतात. नवी गाडी घेणाऱ्याचा घोळही ठरलेला असतो: महिंद्राची बोलेरो पिकअप घ्यावी की टाटाची योद्धा? आणि मधूनच कुणीतरी अशोक लेलँडच्या दोस्तचं नाव काढतो.

या प्रश्नाचं उत्तर इथे शोरूममध्ये क्वचितच ठरलं. रेल्वेचे रूळ, गावातला मिस्त्री, कर्ज देणारा आणि मोटार वाहन कायद्यातला एक आकडा, या चौघांनी ते आधीच बरंचसं ठरवून ठेवलेलं असतं.

ओढकामासाठी दोन वाणांमधून एक निवडायची सवय या भागाला मोटारीच्या आधीपासूनची आहे. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीचा देवणी हे दोन्ही इथले स्वतःचे गोवंश. कंधारी गडद तांबडा, मध्यम बांध्याचा, कमी चाऱ्यावर तग धरणारा. देवणी अंगाने भारी, काळ्या-पांढऱ्या रंगाचा. त्यातही वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे रंगावरून ओळखायचे प्रकार. देवणी गाय दुधालाही चांगली, म्हणून ज्याला दावणीला बैल आणि घरात दूध दोन्ही हवं तो देवणीकडे वळायचा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि उदगीरजवळचा हाळी-हंडरगुळीचा बाजार ही त्यांची पारख करण्याची ठिकाणं. दात मोजायचे, खूर बघायचे, चालवून बघायचं आणि मग सौद्याला बसायचं. पुढे बैलाच्या जागी पिकअप आली, तरी एकाच जनावराकडून दोन कामं काढण्याचा हिशेब सुटला नाही.

रेल्वे आली, पण तुकड्यातुकड्यांत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेने १९११ मध्ये लातूर गाठलं. तिचा रूळ जेमतेम अडीच फुटी. लातूरची तूर, शेंगदाणा किंवा सरकी मुंबईच्या दिशेने निघाली की कुर्डुवाडीला सगळं उतरवायचं आणि रुंद रुळावरच्या डब्यात पुन्हा चढवायचं. नांदेडला निजामाच्या रेल्वेची हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची वाट एकोणिसावं शतक संपता संपता आली, तीही मीटरगेज. तिकडचा कापूस मनमाडला गाडी बदलत असे. प्रत्येक चढ-उतारीला हमाली, प्रत्येक ठिकाणी थोडी घट. लातूरची अरुंद वाट रुंद व्हायला २००७-०८ उजाडलं. तोवर आडत्याच्या दारातून थेट गिऱ्हाइकाच्या दारात माल नेणाऱ्या मोटारीला इथे कायमच मागणी राहिली.

निजामाच्या राज्यात रस्त्यावरची सरकारी प्रवासी वाहतूकही रेल्वेच्याच हाती होती. १९३२ मध्ये तिने २७ बसगाड्यांनिशी ती सुरू केली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेव्हापासून इथल्या मालमोटारींचा बाजार मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे तोंड करून बसला.

त्या कारखान्यांपैकी दोघांची स्पर्धा फार लवकर जुंपली. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. दुसरीकडे फिरोदियांच्या बजाज टेम्पोने जर्मन सहकार्यातून १९५८ पासून तीनचाकी मालगाड्या आणल्या आणि १९६९ मध्ये चारचाकी मॅटाडोर. लष्करासाठी जन्मलेली जीप खडीच्या आणि काळ्या मातीच्या वाटांवर अडत नसे. मॅटाडोरला बसकं, लांब अंग होतं. तिच्यात पोती जास्त बसत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेम्पो ट्रॅक्स आली आणि झुंज थेट जीपच्या अंगणात गेली. मराठवाड्यातल्या काळी-पिवळीच्या थांब्यांवर पुढे कितीतरी वर्षं महिंद्राच्या जीपगाड्या आणि ट्रॅक्स शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सकाळी शाळा-कॉलेजची पोरं, आठवडी बाजाराच्या दिवशी टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि आत भाजीची गाठोडी. देवणीवाला दुहेरी हिशेब इथे चाकांवर आला होता.

त्याच दशकात हलक्या ट्रकच्या बाजारात चार जपानी नावं उतरली: टोयोटा, माझदा, मित्सुबिशी आणि निसान. त्यांतलं निसान लातूरकरांच्या जवळच आलं. हैदराबादच्या ऑलविन कंपनीने, म्हणजे निजामाच्या काळात १९४२ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याने, निसानच्या सहकार्याने झहीराबादला ट्रक बनवायला घेतले. उदगीरहून बिदर गाठलं की झहीराबाद पुढेच. या चौघांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ४०७ आणली आणि ती देशभर टिकली. जपान्यांपैकी बहुतेकांचे पाय डळमळले. ऑलविन-निसानचा कारखाना दशक संपताना महिंद्राकडे गेला. निजामाच्या उद्योगाची ती शाखा अशी आडवळणाने पिकअपच्या स्पर्धेतल्या एका पक्षाला जाऊन मिळाली. महिंद्राची छोटी जीतो पुढे तिथेच बनू लागली.

या निवडीचा गाभा मात्र बराच काळ दोन इंजिनांत होता.

योद्धाच्या आधीच्या टाटांच्या २०७ डीआय पिकअपमध्ये २,९५६ सीसीचं इंजिन होतं, ४०७ च्या घराण्यातलं. त्याचं नाव ४९७: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. म्हणजे पिकअपच्या अंगात ट्रकचं रक्त. महिंद्राच्या पिकअपचं इंजिन २,५२३ सीसीचं, आणि त्याचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनात. इंटरनॅशनलच्या सहकार्याने १९६३ पासून भारतात ट्रॅक्टर बनत होते; ते बनवणारी इथली कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. ट्रॅक्टरच्या या इंजिनाला जीपमध्ये बसवलं गेलं, जीपमधून ते बोलेरोच्या कुळात आलं, आणि वाटेत त्याला टर्बो, मग कॉमन रेल लाभलं.

अहमदपूर किंवा मुखेडच्या शेतकऱ्याला या वंशावळीशी देणंघेणं नसेल, पण तिचा परिणाम त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. ट्रॅक्टर उघडणारा मिस्त्री महिंद्राच्या गाडीला हात घालायला कचरत नसे. ऐन सुगीत गाडी बंद पडली तर नांदेडला ओढून न्यायची की गावच्या झाडाखाली दुपारपर्यंत चालू करून घ्यायची, इतका सरळ फरक. टाटांची बाजू ओझ्याची. मोठं इंजिन भरल्या गाडीला चढावर दमू देत नाही, असं २०७ वाले सांगत. आणि ज्या शहरात ४०७ चे जुने गॅरेजवाले होते तिथे २०७ चं दुखणं ओळखणारेही होते. म्हणून शहरातला वाहतूकदार आणि खेड्यातला मालक यांचं त्याच दोन गाड्यांबद्दलचं मत वेगळं पडे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असत.

मिस्त्रीनंतर पैसा. १९७९ मध्ये सुरू झालेली श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स जुन्या ट्रकवर कर्ज देण्यासाठी ओळखली गेली. महिंद्राने १९९१ मध्ये स्वतःची वित्त कंपनी काढली आणि तिने ग्रामीण भाग हेच आपलं मैदान मानलं. सातबारा आहे, पण पगाराची पावती नाही, उत्पन्न वर्षातून दोनदा येतं, अशा गिऱ्हाइकाला कर्ज देणारा माणूस तालुक्याला बसू लागला. शेजाऱ्याने जी गाडी हप्त्यावर घेतली तीच आपल्यालाही मिळते, हे दिसलं की निम्मा वाद मिटायचा. पिकअपच्या वर्गात महिंद्रा वीस वर्षांहून जास्त काळ पहिल्या स्थानावर आहे. त्या यशाचं श्रेय इंजिनाइतकंच या हप्त्यालाही द्यावं लागतं.

मग मे २००५ मध्ये टाटांनी खालून वार केला. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं अर्धं करून बनवलेलं दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं इंजिन, पाऊण टनाची क्षमता आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत: टाटा एस, लोकांच्या तोंडी छोटा हाथी. तिने मुख्यतः तीनचाकी मालरिक्षांचा बाजार ओढला, पण पिकअप घेऊ पाहणाऱ्यालाही थांबून विचार करायला लावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकमधला जादा माल रोखण्याचा आदेश दिला. मोठ्या ट्रकने गावाबाहेर माल टाकायचा आणि लहान गाडीने तो दुकानात पोचवायचा, ही विभागणी पक्की होत गेली. गोलाईसारख्या दाट बाजारात छोटा हाथी सहज वळे. पण उदगीरहून तुरीचे कट्टे भरून लातूरच्या डाळ मिलकडे यायचं, तर तीच गाडी तोकडी पडे.

कायद्यातला तो आकडा म्हणजे ३,००० किलो. मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार गाडी आणि माल मिळून एकूण वजन एवढ्याच्या आत असेल तर मालवाहू परवाना लागत नाही. म्हणूनच कितीतरी पिकअपचं कागदावरचं एकूण वजन ३,००० च्या किंचित खाली येऊन थांबतं. कंपन्या वेगळ्या, आकडा तोच. वाहनचालक परवान्याचा प्रश्न न्यायालयांनी सोडवला: हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये म्हटलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते कायम केलं. शेतकऱ्याच्या घरातला जीप चालवणारा मुलगा वेगळ्या शिक्क्याशिवाय पिकअपवर बसू शकतो, याचा खरेदीवर परिणाम न होता तरच नवल.

कागदावर दीड टन पासिंग असलेल्या गाडीत मोंढ्यात किती माल चढतो, ही वेगळी गोष्ट. सोयाबीनने मराठवाड्यातल्या ज्वारी-कापसाची जागा घ्यायला सुरुवात केल्यापासून ऑक्टोबरच्या आसपास काही आठवडे सगळ्यांनाच एकदम गाडी हवी असते. तेव्हा भाडं फेरीवर ठरतं आणि फेरीत जितके कट्टे जास्त, तितका प्रत्येक कट्ट्यामागचा खर्च कमी. म्हणून नवी गाडी घेतल्याघेतल्या मागच्या कमानीत एखादा पाटा वाढवून घेणारे मालक असतात. त्यांच्या लेखी चांगली पिकअप म्हणजे जादा ओझं दिल्यावर जिची चेसी तक्रार करत नाही ती. आरटीओचा दंड, ब्रेकवरचा ताण आणि अपघातानंतर विमा कंपनीने घेतलेली हरकत हा त्या बचतीचा दुसरा भाग.

२०११ मध्ये तिसरा गडी आला. अशोक लेलँड आणि निसान यांची संयुक्त दोस्त, तीन सिलिंडरची, सव्वा टनाची, छोटा हाथी आणि मोठी पिकअप यांच्या मधोमध बसणारी. पहिल्या टप्प्यात जी राज्यं निवडली त्यांत महाराष्ट्र होता. ही भागीदारी २०१६ मध्ये संपली तरी गाडी लेलँडकडे राहिली आणि २०२० मध्ये बडा दोस्त आली. भाजी, अंडी, दूध, अर्धापूरची केळी अशा नाजूक मालाला दणके कमी कसे बसतील, हा प्रश्न यानंतर सौद्यात जास्त ऐकू येऊ लागला.

अमेरिकेत पिकअपची निवड हा घराघरातला वाद आहे: फोर्ड, शेवरोले की रॅम. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीला कारखान्यातूनच पिकअपचा हौदा लावून विकलं आणि १९७७ पासून तिची एफ मालिका तिथली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. तिथे तिच्यात चार दारं, चामडी बैठका आणि मागे बऱ्याचदा रिकामा हौदा असतो. इथे रिकामा हौदा म्हणजे बुडालेलं भाडं. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स भारतात आल्या खऱ्या, पण मोंढ्याच्या हिशेबात त्या बसल्या नाहीत.

२०१६ च्या दुष्काळात हौद्याने आणखी एक काम पाहिलं. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी. मिरज–कुर्डुवाडी–लातूर ही ती वाट म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचीच जुनी वाट, आता रुंद झालेली. स्टेशनापर्यंत आलेलं पाणी पुढे गल्लीबोळांत मात्र टँकर, ट्रॅक्टर आणि प्लास्टिकची टाकी बांधलेल्या लहान गाड्यांनीच फिरलं.

गेल्या काही वर्षांत स्पर्धेची भाषा बदलली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. इंजिनाभोवती सेन्सर आणि धुराच्या गाळण्या आल्या. झाडाखालच्या मिस्त्रीला आता संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही, त्यामुळे कंपनीचं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे हा प्रश्न पुढे सरकला. तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्याने एका रात्रीत नागपूर गाठण्याची भाडी मिळू लागली आणि लांब हौद्याच्या गाड्यांना गिऱ्हाईक वाढलं. टाटांनी २०२२ मध्ये दोन टनांची योद्धा २.० आणली, महिंद्राने २०२३ मध्ये मॅक्स पिकअपच्या नव्या मालिकेत दोन टनांचंच उत्तर दिलं.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दसऱ्याला गाडी घरी आणणाऱ्यांसाठी याहून चांगला मुहूर्त नव्हता. त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि लातूर-नांदेडच्या शिवारात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. गाडी स्वस्त झाली, पण भरायला मालच कमी. ज्यांची भाडी दूध, भाजी किंवा किराणा यांवर चालतात त्यांना सूट फायद्याची ठरणार होती. सोयाबीनच्या भरवशावर हप्ता बांधणाऱ्याला महिंद्रा की टाटा याआधी नवी की जुनी, आणि यंदा की पुढच्या सुगीला, हे ठरवायचं होतं.