भोंगा, भिंत आणि वॅटचा हिशोब

मंडळी, उत्सव जवळ आले की आपल्या चामटोली-बदलापूर पट्ट्यात मंडळांच्या बैठका सुरू होतात. साउंडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा आहे?" पत्रकार म्हणून अशा बऱ्याच बैठकांना मी बसलोय. अँप्लिफायर त्या स्पीकरला मॅच होतो का, हे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. खरं तर आपल्याकडच्या लाऊडस्पीकरचा इतिहास याच प्रश्नाचा इतिहास आहे. आज तोच सांगतो, कारण पैसा वर्गणीचा आहे आणि कान आपले आहेत.

सुरुवात सिंधमधून, म्हणजे आपल्या शेजारच्या उल्हासनगरातली असंख्य कुटुंबं फाळणीनंतर जिथून आली तिथून. 1909 साली सक्कर इथे ग्यानचंद मोटवाने यांनी विजेच्या वस्तूंचा धंदा सुरू केला. तो पुढे मुंबईत आला आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने देशभर पोचला. स्वातंत्र्य चळवळीच्या सभांचे जुने फोटो बघा. गांधीजी, नेहरू यांच्यासमोरच्या माईकवर हे नाव दिसतं. 1942 च्या काँग्रेस रेडिओ खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते, नंतर ते निर्दोष सुटले.

आता गंमत बघा. त्या काळातले अँप्लिफायर व्हॉल्व्हचे. आज घरातल्या टीव्हीच्या साउंडबारवर जेवढे वॅट छापतात, त्याहूनही त्यांची ताकद कमी. तरी हजारो माणसं भाषण ऐकत होती. कारण समोर भोंगा होता. साधा पेटीतला स्पीकर शंभर वॅट खाऊन जेमतेम एखाद्या वॅटचा आवाज देतो, बाकीची उष्णता. भोंगा त्याच विजेतून कितीतरी पट जास्त आवाज काढतो. त्यात ढोलाचा खर्ज येत नाही, पण माणसाचं बोलणं स्पष्ट येतं. अँप्लिफायर लहान, म्हणून भोंगा. बोलणं पोचवायचं, म्हणून भोंगा पुरे. ही झाली पहिली जुळलेली जोडी.

दुसरी अडचण वायरची. मैदानभर लांब वायर ओढली की निम्मा जोर वायरीतच मरतो. त्यावर तोडगा निघाला 100 व्होल्ट लाइनचा. अँप्लिफायर व्होल्टेज चढवून पाठवतो आणि प्रत्येक भोंग्यावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर ते उतरवून घेतो. मग मंडपवाल्याचा हिशोब अगदी सोपा होतो. अँप्लिफायर 100 वॅटचा, भोंगा 15 वॅटचा, तर सहा भोंगे लावायचे, बेरीज 90. सातवा लावला की अँप्लिफायर गरम व्हायला लागतो. हे गणित करायला कुणी इंजिनिअर लागत नाही.

मग ट्रान्झिस्टर आला आणि वॅट स्वस्त झाले. नव्वदच्या दशकातले टेपडेक आठवा. खोक्यावर ठळक अक्षरात 'पीएमपीओ' हजार वॅट! तो आकडा म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, तोही कंपनीने स्वतःच्या सोयीने काढलेला. सतत मिळणारी खरी ताकद, ज्याला आरएमएस म्हणतात, ती त्याच्या अगदी छोट्या हिश्शाएवढी. तिथून आपल्याला वॅटची सवय लागली.

कानाचं गणित मात्र वेगळं आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे एका वॅटला 98 डेसिबल देणारा स्पीकर 20 वॅटवर जे काम करतो, त्यासाठी 88 डेसिबलवाल्याला 200 वॅट लागतील. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो. आपण तो वाचत नाही.

घरात भारीतले स्पीकर घेणाऱ्यांनाही हेच लागू. 1957 साली इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आला. त्याची जोडी होती त्याच कंपनीचा, अवघ्या 15 वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर. नंतर लोकांनी त्याला मोठे ट्रान्झिस्टर अँप्लिफायर जोडले आणि कित्येक स्पीकर जाळून घेतले. उलटही होतं. लहान अँप्लिफायर ताणून वाजवला की आवाज फाटतो, आणि तो फाटका सूर नाजूक ट्विटरला खातो. शिवाय स्पीकरवर 8 ओहम लिहिलेलं असलं तरी काही सुरांना तो 3-4 ओहमपर्यंत खाली येतो. तिथे अँप्लिफायरला जास्त करंट देता आला पाहिजे.

यातलं काहीच न बघता आपण भिंत उभी केली आणि तिला नाव दिलं 'डॉल्बी'. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये कंपनी काढली आणि तिचं नाव झालं टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. खरखर घालवणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलंय.

2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की लाऊडस्पीकर लावणं हा धर्मस्वातंत्र्याचा हक्क होत नाही. कायदा डेसिबल मोजतो, आपण वॅट मोजतो. भांडण तिथेच लागतं.

आणि एक आठवण सगळ्यांना आहे. 27 जुलै 2019, महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या चामटोलीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत हजाराच्या आसपास प्रवासी. गावकरी धावले, एनडीआरएफच्या बोटी आल्या, सगळे सुखरूप बाहेर निघाले. पण पूर पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा वीज जाणार हे नक्की. अशा वेळी लाखोंची भिंत काय कामाची? तिथे लागतो 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर आणि त्याला जुळणारे दोन भोंगे. "इकडे या, तिकडे पाणी वाढतंय," एवढं एक वाक्य शेतापलीकडे स्पष्ट गेलं की काम झालं.

म्हणून यंदाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आरएमएस किती? एका वॅटला डेसिबल किती? सगळे स्पीकर जोडल्यावर ओहम किती उरतात? यांची उत्तरं जो देईल, त्यालाच ॲडव्हान्स द्या. आणि वर्गणीतून वाचतील त्या पैशांत बॅटरीवरचा एक सेट घेऊन गावाच्या नावाने ठेवा. पटलं तर तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका.