देठाजवळचा तणावा

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या परसातल्या वेलाला दोन कलिंगडे धरली. आई अंथरुणाला खिळलेली. विकतचे नको, घरच्या वेलाचे कलिंगड खायचे, एवढीच तिची इच्छा. रोज सकाळी ती विचारी, “तणावा वाळला का रे?” देठाजवळचा कुरळा तणावा हिरवा आहे तोवर फळाला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. मी शाळामास्तर, चाळीस मुलांना धीर शिकवणारा. पण तिच्या प्रकृतीचा भरवसा वाटेना, म्हणून फूल गळल्यापासून पंचविसाव्या दिवशीच मोठे फळ तोडले. गर फिकट गुलाबी निघाला आणि बिया पांढऱ्याफटक. आईने एक फोड मुकाट्याने खाल्ली. मग म्हणाली, “या बियांचं काही उगवायचं नाही.”

आंबा कच्चा उतरवला तरी अढीत पिकतो. कलिंगडाची अढी घालता येत नाही. गोडी यायची ती वेलावरच. देठ तुटला की ती तिथेच थांबते. त्या फसलेल्या फळापायी मी या फळाच्या इतिहासाच्या नादी लागलो.

कलिंगडाचे माहेर आफ्रिका. तिकडचे त्याचे रानटी भाऊबंद बहुतेक कडू. आपले कडू इंद्रावणही त्याच गोत्रातले. सुदानच्या कोर्दोफान भागात मात्र पांढऱ्या गराचे, कडू नसलेले एक कलिंगड होते, आणि आपल्या कलिंगडाचे सर्वांत जवळचे नातलग तेच, असे शास्त्रज्ञांनी २०२१ साली आनुवंशिक तपासणीवरून दाखवले. तिथून उत्तरेला नाईलच्या काठी मिसर देश. तिथला तूतनखामेन राजा इसवी सनापूर्वी १३२३च्या सुमारास वारला. हॉवर्ड कार्टरला १९२२ साली त्याचे थडगे सापडले. त्यातल्या सोन्याचे वर्णन सगळेच करतात. त्याच सामानात कलिंगडाच्या बियाही होत्या, हे फार थोडे सांगतात! मिसरमधल्याच दुसऱ्या एका थडग्यातले, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे या वेलाचे पान लंडनच्या क्यू उद्यानात जपलेले आहे. त्याची तपासणी झाली तेव्हा दिसले, की त्या वेलाच्या फळाचा कडूपणा केव्हाच गेला होता आणि गर लाल झाला होता.

हे आपोआप घडले असेल असे मला वाटत नाही. कोणी तरी फळ चाखले, कडू निघाले ते टाकले, गोड निघाले त्याच्या बिया राखल्या. आणि बी भरायचे तर फळ वेलावरच पिकू द्यावे लागते. म्हणजे पोरेबाळे भोवती घोटाळत असतानाही त्यांनी वाट पाहिली. राजाचे नाव थडग्यावर कोरलेले आहे, बी राखणारीचे कुठेही नाही.

पुढे हे फळ जिथे गेले तिथे परकेच ठरले. चिनी लोक त्याला पश्चिमेकडचे फळ म्हणतात. इराणी त्याला ‘हेंदेवाने’ म्हणतात, म्हणजे हिंदचे. स्पॅनिश ‘सांदिया’त सिंध देश लपला आहे, आणि आपल्या कलिंगडातही कलिंग देशाचे नाव कानाला लागतेच. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात हे फळ ‘पातेका’ या नावाने येते. तो शब्द मुळात अरबी, आणि पोर्तुगीजांकडून तोच पुढे फ्रेंचांत ‘पास्तेक’ होऊन गेला.

दुसऱ्या फळाचा तणावा अडतिसाव्या दिवशी वाळला. जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर झाला होता. आईने फळ उशाशी ठेवून घेतले, बोटाने वाजवून पाहिले आणि मग मला सुरी आणायला सांगितले. त्या दिवशी तिने दोन फोडी खाल्ल्या. काळ्या बिया धुऊन, राखेत घोळवून तिने स्वतः पुडीत बांधल्या. ती पुडी आता माझ्या कपाटात आहे. पौषात लावायच्या, असे तिने बजावले होते.