जोहरा सेहगल यांना पद्मविभूषण
दिनविशेष : २५ जानेवारी

२०१० : प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला केंद्र सरकारने नवी दिल्लीत पद्म पुरस्कार जाहीर केले. रंगभूमी आणि चित्रपटांतील ज्येष्ठ अभिनेत्री जोहरा सेहगल यांना पद्मविभूषण घोषित झाले. तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांचे नावही त्याच यादीत होते.

एकाच वर्षी रंगभूमीवरच्या दोघांना हा मान मिळाला, हे आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पडदा पडला की प्रयोग संपतो. मागे उरते ती पाहणाऱ्यांची आठवण. जोहराबाई मुंबईच्या पृथ्वी थिएटर्समध्ये १४ वर्षे होत्या. प्रयोगानंतर पृथ्वीराज कपूर झोळी पसरून दारात उभे राहत, त्या काळातले हे काम. अशा फिरत्या नाटकमंडळीच्या कष्टांची सरकारदरबारी नोंद झाली.

दुसरी गोष्ट वयाची. जीवनगौरव म्हणजे कलावंताला सन्मानाने घरी बसवणे, असा आपला समज असतो. जोहराबाईंना १९९८ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले. काम सुरूच राहिले. २००७ च्या ‘चीनी कम’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, तीही देवघरात जप करत बसणारी नव्हे, तर मुलाला चारचौघांत फैलावर घेणारी. म्हाताऱ्या बाईसाठी अशी भूमिका आपल्याकडे आजही क्वचितच लिहिली जाते. शाल-श्रीफळ देणाऱ्यांनी ज्येष्ठ अभिनेत्रींना कामही द्यावे, ही अपेक्षा अजून शिल्लक आहे.