ध्वनिमुद्रित साधनांची शुद्धि व मूळ पाठ

जुन्या ध्वनिमुद्रिकांतील भाषण हें इतिहासाचें साधन होय. परंतु तें बहुधा खरखरीनें झांकलेलें असतें. ही खरखर गणितानें कमी करण्याची एक प्रसिद्ध रीति स्टीव्हन बॉल यांनीं १९७९ सालीं मांडली. वक्ता थांबला असतां जो नुसता गोंगाट उरतो, त्यांत कोणत्या कंपनसंख्येचा अंश सरासरीनें किती, हें प्रथम मोजावयाचें; नंतर भाषणाचे अल्पकालाचे तुकडे पाडून प्रत्येकांतून तितका अंश वजा करावयाचा. परंतु गोंगाट सरासरीभोंवतीं क्षणोक्षणीं कमीअधिक होत असल्यानें वजाबाकी कोठें अपुरी, कोठें जास्त होते, आणि मुळांत नसलेले किणकिणते स्वर मागें राहतात.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. 'श', 'स' हे ऊष्म वर्ण व 'ख', 'थ' यांतील महाप्राण हे श्वासाच्या घर्षणानें उत्पन्न होतात; गणिताला ते गोंगाटासारखेच दिसतात. खरखरीबरोबर तेहि क्षीण होऊन 'खरा' या शब्दाचा 'करा' ऐकूं येण्याचें भय असतें. साधनांत एवढा फरक झाल्यास अर्थच पालटतो.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तींत स्वीकृत पाठाखालीं पाठभेद दिले आहेत, म्हणून संपादकांचा निर्णय वाचकांस तपासतां येतो. आमच्या मतें हाच दंडक येथें पाळावा: मूळ मुद्रण जसेंच्या तसें राखावें, शुद्ध प्रत निराळी करावी, आणि कोणत्या रीतीनें काय वजा केलें हें तिजबरोबर नोंदवावें. शुद्ध प्रत ऐकण्यास सोयीची. प्रमाण मात्र मूळच.