हॅम रेडिओ : शेजारच्या अँटेनाचा परिणाम

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओच्या केंद्रात एकाच गच्चीवर दोन-तीन अँटेना उभारलेले असणे नित्याचे आहे. प्रत्येक अँटेना वेगळ्या केबलने आपापल्या संचाला जोडलेला असला, तरी तो पूर्णतः स्वतंत्र नसतो. एका अँटेनातून प्रक्षेपण सुरू होताच शेजारच्या अँटेनात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोही त्याच लहरी पुन्हा बाहेर टाकू लागतो. त्यासाठी तो संचाला जोडलेला असण्याचीही गरज नसते.

या गुणधर्माचा हेतुपुरस्सर उपयोग जपानमधील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास केला. त्यांच्या 'यागी-उदा' अँटेनात एकाच दांड्याला केबल जोडलेली असते. मागचा किंचित लांब व पुढचे किंचित आखूड दांडे नुसत्या सान्निध्याने लहरींना दिशा देतात. घरांवरील दूरदर्शनचे जुने अँटेना याच प्रकारचे होते.

अनाहूत परिणाम

नियोजनाविना हेच घडले, तर मात्र ते तापदायक ठरते. अँटेनाची ठरलेली वारंवारता सरकते, केबलमधून परत येणारी शक्ती वाढते आणि काही दिशांना प्रक्षेपण क्षीण होते. दोन्ही अँटेना एकाच पट्ट्याचे व समांतर असल्यास प्रभाव सर्वाधिक असतो. पट्टे भिन्न असले, तरी धोका पूर्णपणे टळत नाही. ७ मेगाहर्ट्झसाठी बांधलेली सुमारे २० मीटरची द्विध्रुवी तार तिप्पट, म्हणजे २१ मेगाहर्ट्झलाही सहज प्रतिसाद देते.

अधिक गंभीर बाब म्हणजे शेजारच्या ग्राहक संचाला होऊ शकणारी इजा. १०० वॅटच्या प्रक्षेपणातील एक टक्का शक्ती जरी शेजारच्या अँटेनात उतरली, तरी ती एक वॅट होते. लघुलहरींवर उत्तम ऐकू येणारा संकेत त्या वॅटच्या सुमारे दोन हजार कोटीव्या भागाएवढा असतो. एवढ्या माऱ्याने संच बधिर होतो, प्रसंगी त्याचा पहिला टप्पा जळतो.

उपाय

अंतर वाढवणे हा पहिला उपाय. जागा अपुरी असल्यास आडव्या तारा परस्परांशी काटकोनात बांधाव्यात. १४४ मेगाहर्ट्झचे उभे अँटेना शेजारी-शेजारी न लावता एकाच रेषेत खाली-वर लावल्यास प्रभाव बराच घटतो. प्रत्येक संचाला त्या-त्या पट्ट्याचा फिल्टर जोडावा. मनोऱ्याच्या ताणतारांमध्ये ठराविक अंतरावर विद्युतरोधक घालावेत. नवा अँटेना उभारल्यावर जुन्याचेही मापन पुन्हा करावे.

या काळजीचे महत्त्व आपत्तीच्या वेळी प्रकर्षाने जाणवते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथक पोर्ट ब्लेअर, म्हणजेच आताच्या श्री विजयपुरम येथे होते. अंदमानातील संपर्क तुटला असताना या पथकाने मुख्य भूमीशी संदेशांची देवाणघेवाण केली. अशा तात्पुरत्या केंद्रात थोड्या जागेत अनेक संच एकाच वेळी चालवावे लागतात. एकाच्या प्रक्षेपणाने शेजारचा संच बधिर झाला, तर दूरवरून आलेली क्षीण हाक ऐकूच येत नाही आणि ती हुकल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच अँटेनांची मांडणी व चाचणी आपत्तीपूर्वीच झालेली असणे अगत्याचे ठरते.