सीताअशोकाचे शास्त्रीय नाव

मुंबई-पुण्यात कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या ज्या झाडाला लोक सर्रास अशोक म्हणतात, ते सीताफळाच्या कुळातले. संस्कृत काव्यातला अशोक तो नव्हे. तो सीताअशोक, शेंगा धरणाऱ्या शिंबावंत कुळातला. त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. पाकळ्या वाटतात तो चार भागांचा रंगीत संवर्त. उमलताना तो पिवळसर नारिंगी असतो, पुढे तांबडा होत जातो. त्यामुळे एकाच घोसात दोन्ही रंग दिसतात आणि लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात.

या वृक्षाची युरोपीय ग्रंथातली जुनी नोंद 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये आहे. मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेले हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. इट्टी अच्युदन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोंकणी ब्राह्मणही या कामात होते. त्यांचे कोंकणीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. तरीही नामकरणाच्या नियमांत या नोंदीला स्थान नाही, कारण वनस्पतींच्या नावांचा हिशेब स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होतो.

लिनीअसने १७६७ मध्ये 'सराका इंडिका' ही जाती वर्णिली. नावात 'इंडिका' असले तरी तिचा आधार जावातला नमुना होता. पुढे कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग याने भारतीय वृक्षाचे स्वतंत्र वर्णन करून 'जोनेसिया असोका' हे नाव दिले. ते १७९५ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी वारलेल्या संस्कृतज्ञ विल्यम जोन्सच्या स्मरणार्थ हे प्रजातीनाम होते. भारतीय वनस्पतींना भारतीय नावेच असावीत असा आग्रह धरणाऱ्या जोन्सचेच नाव अशोकाला चिकटले, ही गंमतच.

डाल्झेल आणि गिब्सन यांच्या १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा'त रॉक्सबर्गचेच नाव आहे. पण जोनेसिया आणि सराका या प्रजाती एकच ठरल्या आणि अग्रक्रमाच्या नियमाने आधीचे 'सराका' टिकले. भारतीय व जावाची झाडेही एकाच जातीत घातली गेली. त्यामुळे थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१–०८) सीताअशोक 'सराका इंडिका' म्हणून आला. हा घोटाळा बरीच वर्षे चालला.

सराका प्रजातीची पुन्हा तपासणी झाली तेव्हा ही दोन झाडे वेगळ्या जातींची ठरली. 'इंडिका' जावाच्या झाडाकडे राहिले. भारतीय झाडासाठी सर्वांत जुने जातिनाम रॉक्सबर्गचे होते, म्हणून १९६८ मध्ये 'ब्लूमेआ' या डच नियतकालिकात डी वाइल्ड याने 'सराका असोका' हे नाव प्रसिद्ध केले. शिंबावंत कुळाची २०१७ मध्ये नव्याने मांडणी झाल्यावर ही प्रजाती 'डेटॅरिऑइडी' उपकुळात गेली. जातीचे नाव तेच राहिले.