मृत्युनोंदीतील शब्द आणि फुप्फुसाचे रोग : मेहकरच्या निमित्ताने

मृत्युनोंदीत लिहिलेला शब्द हे रोगाचे नाव असतेच असे नाही. पुष्कळदा ते लिहिणाऱ्यास दिसलेले लक्षण असते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यासारख्या भागाचा आरोग्येतिहास लिहू पाहणाऱ्यास ही अडचण दोनदा भेटते : प्रथम १९१८ साली आणि पुन्हा १९८६ नंतर.

जून १९१८ मध्ये मुंबईत आलेल्या इन्फ्लुएंझाची दुसरी, अधिक घातक लाट सप्टेंबरपासून देशभर पसरली. त्याच वर्षी पाऊसही नीट झाला नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ पोहोचलेल्या प्रांतांपैकी एक. पैनगंगेकाठचे, लोहमार्गापासून दूर असलेले मेहकर त्याच प्रांतात मोडे. लोकांनी या साथीस ‘मानमोडी’ म्हटले. ‘कंबरमोडी’ या रानवनस्पतीच्या नावासारखीच ही घडण. आणि पटकी, देवी, महामारी यांप्रमाणे स्त्रीलिंगी. नाव इतके नेमके, परंतु सरकारी तक्त्यात त्यास रकानाच नव्हता. पटकी, देवी, प्लेग यांना स्वतंत्र रकाने होते. मानमोडीचे बहुसंख्य मृत्यू ‘ताप’ या सदरात गेले. विषाणूने श्वसनमार्गाचे आतील अस्तर दुबळे करावे आणि नंतर शिरलेल्या जीवाणूंनी न्यूमोनिया होऊन रोगी दगावावा, असा त्यातील बहुतेकांचा क्रम होता. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू तर १९३३ पर्यंत कोणास सापडलेलाही नव्हता.

एड्सच्या बाबतीत क्रम तोच, गती मात्र संथ. भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळला. हा विषाणू रोगप्रतिकारशक्तीचा आधार असलेल्या पेशी वर्षानुवर्षे क्षीण करतो. मग क्षयाचे जंतू, न्यूमोसिस्टिस ही बुरशी, सायटोमेगॅलो किंवा इन्फ्लुएंझा यांसारखे विषाणू फुप्फुसात ठाण मांडतात. यांपैकी सायटोमेगॅलो विषाणू फुप्फुसात सापडला म्हणजे विकार त्यानेच झाला असे मात्र म्हणता येत नाही. औषधोपचाराने जीव वाचला तरी प्राणवायू रक्तात शिरण्याची फुप्फुसाची क्षमता पुष्कळांत उणीच राहते. आपल्याकडे या रोग्यांचा मुख्य काळ क्षयच ठरला. साहजिकच दाखल्यावर ‘क्षय’ किंवा ‘न्यूमोनिया’ एवढेच उमटे; आणि ते खोटेही नसे.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक फरक जाणवतो. मानमोडीचे नाव लोक उघड घेत. एड्सला मात्र तसे रूढ झालेले देशी नाव मिळाले नाही, परका शब्दही दबक्या आवाजातच उच्चारला गेला. २०१७ च्या कायद्याने रोग्याच्या माहितीची गुप्तता रक्षिली आहे, आणि ते योग्यच होय. म्हणून दाखल्यातील मोघम शब्द संशोधकास अडवितो, त्याच वेळी तो एखाद्या विधवेस गावात राहू देतो.

१९१८ ची उकल तुलनेने सोपी आहे : सप्टेंबर ते डिसेंबरमधील ‘ताप’ सदराचे आकडे मागील वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले की अधिक्य दिसते. १९८६ पासून मोफत औषधयोजना सुरू झालेल्या २००४ पर्यंतच्या काळास ही रीत लागू पडत नाही, कारण ते मृत्यू महिन्यांत गोळा न होता वर्षांवर विखुरले. तेथे पाहावयाचे ते वय : पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीपुरुषांपुढे ‘क्षय’ हा शब्द किती वेळा आला आणि एकाच घरात तो दुसऱ्यांदा केव्हा आला.